घोड्याची चाल कानाने ओळखावी

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास यात्रा भरते आणि यात्रेबरोबरच घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. घोड्याचे दात, खूर, कान आणि अंगावरचे भोवरे पाहून झाले की जाणकार गिऱ्हाईक विक्रेत्याला सांगते, 'आता चालवून दाखवा.' विक्रेत्याचा माणूस मांड टाकतो, लगाम किंचित आवळतो आणि घोडा मान उंच धरून पुढे सरकू लागतो. पाय झपाझप पडत असतात, पण स्वाराचे डोके मात्र पाण्यावरून होडी जावी तसे एका रेषेत जाते. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी समाधानाने म्हणतो, 'रवाल आहे.' त्या एका शब्दावर घोड्याची किंमत बरीच वर जाते.

हा शब्द वेग सांगत नाही आणि घोडा किती देखणा आहे हेही सांगत नाही. चार पाय कोणत्या क्रमाने उचलले जातात आणि कोणत्या क्रमाने टेकतात, एवढेच तो सांगतो. मराठीत 'चाल' या शब्दाला पुष्कळ कामे असतात. गाण्याला चाल असते, शत्रू चाल करून येतो, बुद्धिबळातला घोडा अडीच घरांची चाल चालतो. खऱ्या घोड्याच्या बाबतीत मात्र चाल म्हणजे पावलांचा क्रम आणि त्या पावलांचा ठेका. वेग हा नंतरचा विषय आहे. ताशी सोळा-सतरा किलोमीटरच्या वेगाने एक घोडा दुडकत जाईल, दुसरा रवाल चालेल, तिसरा संथ दौड घेईल. तिघे बरोबरच पोहोचतील, पण त्यांच्या चाली तीन असतील. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे आपल्या लेखनात घोडा एक तर 'चालतो' किंवा 'भरधाव सुटतो', आणि मधले सगळे हरवून जाते. ते मधले समजून घेण्यासाठी नारळाच्या दोन करवंट्या हाताशी असल्या तर उत्तम. नभोनाट्यात टापांचा आवाज त्यांच्यावरच काढतात, आणि घोड्याच्या चाली डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळतात.

सर्वांत संथ चाल म्हणजे कदम. मूळ अरबी शब्दाचा अर्थच पाऊल असा आहे. घोडा कदम चालतो तेव्हा आधी डावा मागचा पाय टेकतो, मग डावा पुढचा, मग उजवा मागचा आणि शेवटी उजवा पुढचा. प्रत्येक खूर वेगळा वाजतो आणि चार आवाजांमधले अंतर जवळजवळ सारखे असते. करवंट्यांवर हा ठेका एक-दोन-तीन-चार असा सरळ मोजता येतो. या चालीत दोन किंवा तीन खूर सदैव जमिनीवर असतात, घोडा कधीच अधांतरी होत नाही, आणि वेग साधारणपणे ताशी सहा-सात किलोमीटर राहतो, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा अधिक. अंग टेकलेल्या पायावरून उलट्या टांगलेल्या लंबकासारखे पुढे कलते. वर जाताना साठलेली शक्ती खाली येताना परत मिळते आणि स्नायूंना फार थोडे काम उरते. मान प्रत्येक पावलाला किंचित खालीवर होते, तीही या देवघेवीचाच भाग असते. म्हणून कदम चालीने घोडा तासन्‌तास न थकता जाऊ शकतो.

यानंतरची चाल दुडकी. हिंदीत तिला दुलकी म्हणतात आणि आपल्याकडे 'दुडक्या चालीने' हा शब्दप्रयोग अजून पुष्कळ चालतो, पण त्यात दडलेले गणित क्वचितच कोणी सांगते. दुडकीत पाय कर्णाच्या रेषेत जोडीने पडतात: डावा मागचा आणि उजवा पुढचा एकाच वेळी, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकाच वेळी. चार पाय असूनही आवाज दोनच ऐकू येतात, टप-टप, टप-टप. टांग्याचा घोडा रस्त्याने जाताना ऐकू येणारा एकसुरी ठेका तो हाच. एक जोडी उचलली गेली आणि दुसरी अजून टेकली नाही, अशा मधल्या क्षणी घोडा पूर्णपणे हवेत असतो. म्हणून प्रत्येक ठेक्याला खोगिरावरच्या माणसाला खालून दणका बसतो. सरावलेला स्वार तो टाळण्यासाठी रिकिबीवर जोर देऊन एका ठेक्याला उठतो आणि पुढच्या ठेक्याला बसतो. नवशिक्याला हे उठणे-बसणे साधेपर्यंत कमरेचे हाल सोसावे लागतात.

या चालीत लंबकाचे तत्त्व मागे पडते आणि कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पुढे येते. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या लांब आणि चिवट कंडरा असतात. खूर टेकला की त्या ताणल्या जातात आणि पाय सुटताना ताण परत देऊन अंगाला पुढे उसळी देतात. दुडकीचा वेग ताशी तेरा ते एकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो, आणि त्या मानाने तिला लागणारी मेहनत कमी असते, ती या कंडरांमुळेच.

घोडा लंगडतो आहे का हे पाहायचे असेल तर पशुवैद्य त्याला कठीण, सपाट जमिनीवर दुडकत न्यायला सांगतात, यामागेही हाच ठेका आहे. कदम चालीत वजन दोन-तीन पायांवर वाटलेले असल्याने दुखरा पाय लपून राहू शकतो. दुडकीत मात्र दोन्ही ठेके अगदी सारखे असायला हवेत, त्यामुळे एका पायात कळ असेल तर ती लगेच उघडी पडते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर झटकतो आणि निरोगी पाय टेकताना डोके खाली आणतो. एवढे पाहता आले तरी, रोज सवारीला किंवा ओझ्याला जुंपलेल्या कितीतरी मुक्या जनावरांचे दुखणे वेळेवर ध्यानात येईल. घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाला हे यायलाच हवे असे मला मनापासून वाटते.

आता बाजारातल्या त्या रवालीकडे येऊ. जुन्या मराठीत हा शब्द 'रहवाल' असाही दिसतो, आणि मारवाडकडे त्याच चालीला रेवाल किंवा रेहवाल म्हणतात. दुडकीत कर्णातले पाय जोडीने पडतात, येथे एकाच बाजूचे दोन पाय जोडीने पुढे जातात: डावा मागचा आणि डावा पुढचा, मग उजवे दोन्ही. उंट असाच चालतो, म्हणून त्याच्या पाठीवर बसलेला माणूस डावी-उजवीकडे झुलतो. घोड्याच्या रवालीत या जोडीतले पाय अगदी एकदम टेकत नाहीत, मागचा खूर पुढच्यापेक्षा क्षणभर आधी टेकतो. त्यामुळे दोन ठेक्यांचे चार ठेके होतात आणि कोणता ना कोणता खूर जमिनीवर राहिल्याने दुडकीचा दणका नाहीसा होतो. स्वाराचे डोके एका रेषेत का जाते याचे उत्तर येथे आहे. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांमध्ये ही चाल पुष्कळदा उपजत आढळते. रस्ते नसलेल्या मुलखात दिवसभर खोगिरावर काढणाऱ्यांनी अशा घोड्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या जपली, यात नवल नाही.

अशी सुखाची चाल फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. आइसलँडच्या बुटक्या, दाट आयाळीच्या घोड्यांची टोल्ट नावाची चाल प्रसिद्ध आहे. तिच्यात पावलांचा क्रम कदम चालीचाच राहतो, पण वेग दौडीइतका वाढवता येतो, आणि हातात बिअरने भरलेला पेला धरून तो न सांडता घोडा पळवून दाखवणे हा तेथल्या स्वारांचा आवडता खेळ आहे. या घोड्यांचा अभ्यास करताना स्वीडनमधील संशोधकांना २०१२ मध्ये एक महत्त्वाचा दुवा सापडला. डीएमआरटी३ नावाच्या जनुकातले एकच अक्षर बदलले की त्यापासून बनणारे प्रथिन अर्धवट राहते, आणि मज्जारज्जूतल्या ज्या पेशी डाव्या-उजव्या, पुढच्या-मागच्या पायांचा मेळ घालतात त्यांचे काम बदलते. हा बदल असलेल्या घोड्यांना वेगळ्या चाली सहज जमतात. गाडी ओढण्याच्या शर्यतींतले अमेरिकी घोडे दौडीत न शिरता फार मोठ्या वेगाने दुडकू शकतात, त्यामागेही हाच बदल आहे. पुढे प्राचीन हाडांमधील डीएनए तपासल्यावर नवव्या शतकातल्या इंग्लंडमधील घोड्यांतही तो आढळला. म्हणजे चाल हा केवळ शिकवणुकीचा भाग नाही, ती काही अंशी रक्तातून येते. एका बाजूचे पाय दोरीने जखडून घोड्याला अशी चाल बळेच लावण्याची रीत जगात बऱ्याच ठिकाणी होती. जे रक्तात नाही ते दोरीने आणू पाहण्यात जनावराचा छळ होतो आणि उपजत चालीची सफाईही येत नाही.

चालींना नावे देण्याची आपली परंपरा या फारसी-अरबी शब्दांच्याही आधीची आहे. अमरकोशात घोड्याच्या पाच गती दिल्या आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित आणि प्लुत. या पाचांना मिळून 'धारा' म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात विक्रम, वल्गित, उपकंठ, उपजव व जव अशी चढत्या वेगाची मालिका येते. स्वारीच्या घोड्याच्या कसबांची यादी तर आणखी बारीक आहे. उडीच्या प्रकारांना माकडाची, बेडकाची, हरणाची उडी अशी नावे आहेत, आणि 'धोरण' नावाच्या चालीचे प्रकार कंक पक्षी, मोर, मुंगूस आणि रानडुक्कर यांच्या चालण्यावरून पाडले आहेत. तबेल्यात उभे राहून रोज पाहणाऱ्यालाच अशी नावे सुचतात. यातले काही शब्द आजच्या मराठीत आहेत, पण घोड्यावरून उतरून. 'विक्रम' म्हणजे मुळात पाऊल टाकणे, आणि आज तो धावांचा किंवा उत्पादनाचा होतो. 'वल्ग्' म्हणजे उसळत, झेपावत जाणे, आणि त्यावरून आलेली 'वल्गना' आज सभांमध्ये होते. 'धोरण' हे शब्दरूप तर आज पूर्णपणे सरकारी कागदांत आहे.

एवढी समृद्धी असूनही कदम-दुडकीच्या पुढे आणि भरधावच्या अलीकडे असलेल्या चालीला आजच्या मराठीत सर्वमान्य नाव नाही, ही खरी उणीव आहे. घोडेस्वारीच्या शाळांमध्ये तिला सर्रास कँटर म्हणतात. आपण तिला दौड म्हणू शकतो, पण तोच शब्द भरधाव पळण्यालाही वापरला जात असल्याने घोळ होतो. 'संथ दौड' असा शब्द रुळवला तर अर्थ स्पष्ट होईल असे मला वाटते. या चालीत तीन ठेके असतात. आधी एक मागचा पाय, समजा उजवा, एकटा टेकतो. मग डावा मागचा आणि उजवा पुढचा जोडीने टेकतात. शेवटी डावा पुढचा पाय एकटा पडतो. आणि त्यानंतर क्षणभर चारही खूर हवेत असतात. करवंट्यांवर हे एक-दोन-तीन, आणि एक विसावा, असे वाजते. पाळण्यासारखा हा झोका स्वाराला दुडकीपेक्षा पुष्कळ सुखाचा वाटतो. वेग ताशी सोळा ते सत्तावीस किलोमीटर.

वेग आणखी वाढला की मधली जोडी फुटते. जे दोन पाय एकदम टेकत होते ते आता एकामागून एक टेकू लागतात, तीनाचे चार ठेके होतात आणि घोडा चौखूर सुटतो. भरधाव, चौखूर या शब्दांची ही जागा. शर्यतीचा घोडा ताशी पंचावन्न-साठ किलोमीटर सहज गाठतो. विनिंग ब्रू नावाच्या घोडीने २००८ मध्ये अमेरिकेत सुमारे ४०२ मीटरचे अंतर ताशी ७०.७६ किलोमीटर या सरासरी वेगाने पार केले, आणि घोड्यांच्या वेगाचा तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. चौखूर पळणाऱ्या घोड्याचा श्वासही टापांना बांधलेला असतो. पावलांच्या एका पूर्ण फेऱ्यात तो एकदाच श्वास आत घेतो आणि एकदाच सोडतो, अधिक नाही, कमीही नाही. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, केवळ नाकाने घेता येतो. म्हणून शर्यतीनंतर त्याच्या नाकपुड्या इतक्या फुगलेल्या दिसतात.

या चालीत घोडा हवेत नेमका कधी असतो, हे माणसाला हजारो वर्षे घोडा वापरूनही ठाऊक नव्हते. युरोपातले चित्रकार पळणारा घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवत, जणू तो जमिनीला समांतर झेप घेतो आहे. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे लीलँड स्टॅनफर्ड यांच्या घोडीपुढे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडले, त्यांना जोडलेल्या तारा वाटेत आडव्या बांधल्या आणि घोडीच्या पायांनी त्या तुटताच एकेक चित्र उमटेल अशी सोय केली. चित्रांनी दाखवले ते चित्रकारांच्या कल्पनेच्या अगदी उलट होते. पाय ताणलेले असताना घोडा हवेत नसतोच. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात त्या क्षणी तो अधांतरी असतो. आपला 'चौखूर' हा शब्द चारही खुरांची आठवण ठेवतो, पण ते पोटाखाली असे एकत्र येतात हे कळायला कॅमेराच लागला.

मग घोडा चाल बदलतो तरी का? एकाच चालीत वेग वाढवत नेला तर काय बिघडते? डोनाल्ड हॉइट आणि रिचर्ड टेलर या संशोधकांनी १९८१ मध्ये लहान घोड्यांना फिरत्या पट्ट्यावर चालायला शिकवले आणि ते किती प्राणवायू वापरतात हे मोजले. प्रत्येक चालीला तिचा असा एक वेग असतो, ज्या वेगाला ठरावीक अंतर कापायला सर्वांत कमी शक्ती लागते. घोड्याला कदम चालीत बळेच जोरात हाकले तर तो दुडकीपेक्षा जास्त थकतो, आणि दुडकीत फार संथ ठेवले तर कदमपेक्षा जास्त. मोकळे सोडले असता घोडे नेमके त्या कमी खर्चाच्या वेगांच्या आसपासच राहिले, मधले वेग त्यांनी टाळले. दहा वर्षांनी टेलर आणि क्लेअर फार्ली यांनी आणखी एक कारण पुढे आणले. दुडकीचा वेग वाढत जातो तसे पायांवर येणारे आघात वाढतात, आणि ते एका मर्यादेला पोहोचले की घोडा दौडीत शिरतो. पाठीवर वजन लादले तर ही मर्यादा कमी वेगालाच येते आणि घोडाही लवकर चाल बदलतो. म्हणजे ओझे असलेला घोडा आपणहून दौडू लागला तर त्यामागे खोडकरपणा असेलच असे नाही, तो स्वतःचे पाय सांभाळत असू शकतो.

संथ दौडीतली एक गोष्ट वर मुद्दाम बाजूला ठेवली होती, कारण ती वारीच्या रिंगणात सर्वांत चांगली दिसते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर कर्नाटकातील अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. गोल रिंगणात वारकऱ्यांच्या कड्यामधून हे अश्व धावतात आणि ते गेले की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. टाळ-मृदंगाच्या गजरात टापांचा ठेका कानावर पडत नाही, म्हणून तेथे डोळे पुढच्या पायांवर ठेवावेत. दौडीत शेवटी टेकणारा पुढचा पाय दुसऱ्यापेक्षा अधिक पुढे पडतो. घोडा वर्तुळात धावतो तेव्हा हा पाय वर्तुळाच्या आतल्या बाजूचा असावा लागतो, म्हणजे डावीकडे वळताना डावा आणि उजवीकडे वळताना उजवा. तसे झाले की अंग वळणात अलगद बसते. उलटा पाय पडला तर घोडा अडखळल्यासारखा होतो आणि वळण रुंदावते. शिकवलेल्या घोड्याकडून स्वार हा पाय इशाऱ्याने धरवून घेतो, पण माउलींच्या अश्वावर लगाम धरणारे कोणी नसते. आतला पाय तो स्वतःच धरतो, आणि चुकीचा पडलाच तर चारही खूर हवेत असतानाच्या त्या क्षणात तो बदलून घेतो. फेऱ्या संपत आल्या की भरधाव संथ दौडीवर येते, दौडीची दुडकी होते, दुडकीचा कदम होतो. वेग उतरत जातो, पण ठेके मात्र चार, तीन, दोन आणि पुन्हा चार असे पडतात.